पामच्या झाडाला पाणी कोण घालतंय?



परवा आम्ही चार-पाच जणांनी घरीच 'मिस्टर रॉबर्ट्स' लावला. १९५५ चा अमेरिकन सिनेमा, दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलावरचा. हेन्री फोंडा, जेम्स कॅग्नी, विल्यम पॉवेल, जॅक लेमन अशी तगडी मंडळी. सिनेमा संपल्यावर आमच्यातले एक काका, निवृत्त मास्तर, म्हणाले, "हसलो खरं, पण लढाई चालू असताना कॅप्टनची अशी टर उडवलेली मला नाही पटली. वर्दीचा मान राहिला पाहिजे." दोघांनी लगेच माना डोलावल्या. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देतोय. काका, राग मानू नका.

आधी गोष्ट सांगतो. पॅसिफिकमध्ये, लढाईपासून लांब, एक मालवाहू जहाज आहे. काम काय, तर टूथपेस्ट, साबण, टॉयलेट पेपर असलं सामान पोचवायचं. माल चढवण्या-उतरवण्याचं सगळं खातं लेफ्टनंट रॉबर्ट्स बघतो. त्याला खऱ्या लढाऊ जहाजावर जायचंय. तो बदलीचे अर्जांवर अर्ज करतो आणि कॅप्टन प्रत्येक अर्ज नामंजुरीचा शेरा मारून पुढे पाठवतो. का? कारण रॉबर्ट्सच्या कामावर कॅप्टनची बढती ठरणार. जास्तीत जास्त माल पोचवल्याबद्दल वरून एक पामचं रोपटं बक्षीस मिळालंय. ते कुंडीत घालून डेकवर ठेवलंय आणि कॅप्टनचा सगळा जीव त्या कुंडीत. खलाशांना वर्षभरापेक्षा जास्त काळ किनाऱ्यावर पाय ठेवायला मिळालेला नाही, त्याचं त्याला काही नाही.

शेवटी रॉबर्ट्स सौदा करतो. पोरांना एक रात्र किनाऱ्यावर सोडा, मी यापुढे अर्ज करणार नाही, तोंड वर करून बोलणार नाही. वर हे कुणाला सांगायचंही नाही. झालं! पोरं मजा करून येतात आणि बघतात तर आपला रॉबर्ट्स साहेबांसमोर 'येस सर' करतोय. त्यांना वाटतं, हाही बढतीसाठी विकला गेला. ज्यांच्यासाठी मान खाली घातली, तेच तोंड फिरवतात. सिनेमा विनोदी म्हणतात, पण इथे माझ्या घशात आवंढा येतो.

मग एके रात्री रेडिओवर बातमी येते, युरोपातली लढाई संपली. रॉबर्ट्स उठतो आणि ते पामचं झाड समुद्रात फेकतो.

आता काका, मुद्द्यावर येतो.

पहिला मुद्दा. ही टर उडवली कुणी? मूळ कादंबरी लिहिणारा थॉमस हेगन युद्धात पॅसिफिकमध्येच मालवाहू जहाजावर होता. नायक हेन्री फोंडा युद्धात नौदलात होता. दिग्दर्शक जॉन फोर्ड तर १९४२ च्या मिडवेच्या लढाईचं चित्रीकरण करताना जखमी झालेला माणूस. (फोर्डने सिनेमा अर्ध्यात सोडला, मर्विन लरॉयने पुरा केला, तो किस्सा वेगळा.) म्हणजे हसणारे सगळे वर्दी घालून आलेले. आणि शूटिंगला जहाज दिलं खुद्द अमेरिकन नौदलाने. नौदल काही बुडालं नाही. वर्दीच्या मानाची काळजी सगळ्यात जास्त कुणाला असते, तर ज्याने ती कधी घातली नाही त्याला. तुम्ही-आम्ही त्यातलेच.

दुसरा मुद्दा. सिनेमा वर्दीला हसतच नाही, तो कुंडीला हसतो. रॉबर्ट्सचं देशप्रेम पक्कं आहे, म्हणून तर त्याला लढायला जायचंय. अडवतो कोण? शत्रू नव्हे, आपलाच साहेब. वर्दी आणि वर्दीतला माणूस या दोन गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की साहेबाची प्रत्येक लहर म्हणजे शिस्त आणि प्रत्येक तक्रार म्हणजे गद्दारी ठरते.

तिसरा मुद्दा आपल्या घरचा. हेगनची कादंबरी आली १९४६ साली. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण नाकारलं. कमांडरच्या शिवीगाळीची तक्रार त्यांनी आधी केलेली होती, दाद लागली नव्हती. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात उतरले. मुंबईतले गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. ते बंड फक्त डाळ-भाताचं नव्हतं, स्वातंत्र्याचं होतं, मान्य. पण ठिणगी कुठे पडली? ताटात आणि साहेबाच्या जिभेवर.

उत्पल दत्त यांनी १९६५ साली याच उठावावर कोलकात्यात 'कल्लोल' हे नाटक उभं केलं. त्याच वर्षी ते तुरुंगात गेले. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात हा उठाव चार ओळींत उरकतो आणि युद्धपट म्हणजे नुसत्या डरकाळ्या. सामान पोचवणारा, इंजिनात तेल घालणारा, रजेची वाट बघणारा माणूस त्यात शोधून सापडत नाही.

सिनेमात खोट नाही असं म्हणत नाही. कॅग्नीचा कॅप्टन मधूनमधून नुसता व्यंगचित्र होतो. नर्सेसचे प्रसंग आज बघताना अवघडल्यासारखं होतं. पण शेवट बघा. पोरं कॅप्टनची खोटी सही ठोकून रॉबर्ट्सची बदली करून देतात आणि जाताना त्याला हाताने बनवलेलं पितळी पदक देतात, पामच्या झाडाचं. काही दिवसांनी पत्र येतं. रॉबर्ट्स गेला. जहाजावर कॉफी पीत असताना जपानी आत्मघाती विमान येऊन आदळलं. ते वाचून पल्व्हर उठतो. हा तोच पल्व्हर, जो आजवर कॅप्टनला घाबरून लपून राहायचा. तो नवं पामचं झाड समुद्रात भिरकावतो आणि जाऊन कॅप्टनच्या दारावर थापा मारतो. लेमनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही.

वीस वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय. कुठल्याही कार्यालयात शिरा, साहेबाच्या मागे काचेच्या कपाटात ढाली आणि प्रमाणपत्रं मांडलेली असतात. ती ज्यांच्या घामावर मिळाली त्यांचा रजेचा अर्ज त्याच टेबलाच्या खालच्या खणात असतो. असे रॉबर्ट्स मी खूप पाहिलेत. नाव छापू नका म्हणतात बिचारे. आणि आपण जाऊन त्या ढालींसोबत साहेबाचा फोटो काढतो, बातमी लावतो, हार घालतो. मीही लावल्यात अशा बातम्या, खोटं कशाला बोलू? कुंडीला पाणी घालणाऱ्यांत मीही आलो.

म्हणून काका, मान वर्दीला जरूर द्या. कुंडीला देऊ नका. सिनेमा पुन्हा एकदा बघा आणि मग भांडायला घरी या. चहा माझ्याकडून.