सामायिक यंत्र व न्याय्य वांटणी

भंडारा जिल्हा तलावांबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या मालगुजारी तलावांचें पाणी पाटानें धानाच्या शेतांस मिळतें. वरच्या शेतकऱ्यानें पाट अडविला तर खालच्याचें धान वाळतें. म्हणून पाण्यास पाळी लावावी लागते. अनेकांनीं मिळून वापरावयाच्या गणकयंत्राचीहि हीच स्थिति आहे.

लिनक्स प्रणालीच्या एकाच यंत्रावर अनेक जण एकदम काम करूं शकतात. वापरणाऱ्यांचे गट पाडलेले नसतील तर ती प्रोसेसरचा वेळ चालू कामांत सारखा वांटते. यांत एक मेख आहे. एकानें तीस कामें लावलीं व दुसऱ्यानें एक, तर पहिल्यास तीस वांटे व दुसऱ्यास एक! ज्या विद्यार्थ्यास उद्यां प्रबंध द्यावयाचा आहे, त्याचें एकुलतें एक काम मागें पडतें.

यावर 'नाइस' हा जुना उपाय आहे. उणे 20 पासून 19 पर्यंतच्या या मापांत सामान्य मनुष्यास आपलें काम मागें सारतां येतें, पुढें काढतां येत नाहीं. परंतु हा उपाय सौजन्यावर अवलंबून. आणि सौजन्य सर्वत्र असतेंच असें नाहीं. 2006 सालीं गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ यांनीं आरंभिलेली 'सीग्रुप' योजना जानेवारी 2008 मध्यें लिनक्सच्या 2.6.24 या आवृत्तींत आली. तिच्या योगें व्यवस्थापकास प्रत्येक वापरणाऱ्याचा गट करतां येतो व वांटा त्या गटास मिळतो. मिताक्षरेप्रमाणें मृत भावाच्या मुलांस मिळून बापाचाच वांटा मिळतो, मग मुलगा एक असो कीं मुलगे पांच असोत, तसेंच हें.

वांट्याचे प्रकार दोन. 'वजन' 1 पासून 10,000 पर्यंत देतां येतें. न दिल्यास तें 100 धरतात. तें गर्दींतच लागू होतें. इतर स्वस्थ असतां एकास सर्व यंत्र मिळतें. 'मर्यादा' मात्र कडक. दर 100 मिलिसेकंदांत 50 दिले, कीं यंत्र रिकामें असलें तरी अधिक नाहीं.

आमच्या मतें घरांत वा महाविद्यालयांत वजनच बरें. तलावांत वांचविलेलें पाणी उद्यां कामास येतें. प्रोसेसरचा रिकामा गेलेला क्षण परत येत नाहीं. मर्यादा तेथेंच घालावी, जेथें प्रत्येकास ठराविक वेगाचें वचन दिलें आहे किंवा यंत्र तापण्याची भीति आहे. गरजेच्या वेळीं प्रत्येकास आपला वांटा, आणि उरेल तें मागेल त्यास; एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरांतहि याहून निराळा न्याय आम्हांस ठाऊक नाहीं.