मेलेल्यानें दिलें नाहीं, तर जिवंत गरीब कापला जाईल

वऱ्हाडांतील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, डिसेंबर २०१५ मध्यें अकोल्यांत काय उघडकीस आलें तें विसरलांत काय? सावकारी कर्जांत बुडालेल्या गरिबांना मूत्रपिंड विकावयास लावल्याचा गुन्हा पोलिसांत नोंदला गेला; कांहींना तर त्यासाठीं श्रीलंकेपर्यंत नेलें होतें, असें तपासांत निघालें. पूर्वीं सावकार बैल ओढून नेई, भांडीं नेई, शेत गिळी. आतां त्याची नजर कर्जदाराच्या पोटांतील मांसावर गेली! अवयवांची विक्री १९९४ च्या कायद्यानें बंद केली, आणि २०११ च्या दुरुस्तीनें त्या गुन्ह्यास ५ ते १० वर्षें कैद व २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड ठेविला. पण नुसत्या कायद्यानें बाजार उठत नाहीं. ज्याचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं त्यास तें कोठून तरी पाहिजेच. मेलेल्याकडून मिळालें नाहीं, तर घरांतल्या आईनें किंवा बायकोनें द्यावें (देणारी बहुतेक बाईच असते, हें मात्र कोणी बोलत नाहीं), नाहीं तर दलालानें एखादा नाडलेला हुडकावा.

आणि आपण मेल्यावर काय करतों? धडधाकट डोळे चितेवर ठेवतों आणि राख कौंडण्यपुरास नेऊन वर्धेंत सोडतों. कां? तर डोळे काढले तर पुढल्या जन्मीं आंधळा होशील, असें कोणी तरी सांगून ठेविलें आहे. अहो, अग्नींत सबंध देह जळतो, मग पुढल्या जन्मासाठीं शिल्लक काय राहतें? जाळलेले डोळे चालतात, दिलेले चालत नाहींत, हा कोठला न्याय? त्याच घरांत तेराव्याला गादी, छत्री, जोडा ज्याला कांहींच उणें नाहीं त्याच्या पदरांत पडतो. आणि डोळ्यांत फूल पडलेला मजूर शेजारीं चांचपडत असतो!

डोळे तर घरीं मेलेल्याचेहि देतां येतात. मरणानंतर ६ तासांच्या आंत नेत्रपेढीचीं माणसें येऊन पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतात. तोंवर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोकें उशीवर उंच ठेवावें. चष्मा होता, मोतीबिंदु काढला होता, तरी चालतें. चेहरा विद्रूप होत नाहीं. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांची गोष्ट वेगळी. मेंदू मेला पण यंत्रावर श्वास चालू आहे अशा दवाखान्यांतील रुग्णाचेंच हृदय वा यकृत उपयोगीं पडतें. पुष्कळदां तो मोटारसायकलवरून पडून डोक्यास मार लागलेला तरणा पोर असतो.

"दवाखानेवाले लवकर मारतील," हें भय आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. गरिबानें तेथें काय काय सोसलें आहे तें आम्हांस ठाऊक आहे. पण मेंदू मेल्याचा दाखला चार डॉक्टर मिळून देतात, तोहि ६ तासांच्या अंतरानें दोनदां तपासून, आणि रोपण करणारा डॉक्टर त्यांत नसतो. विदर्भांत अवयव कोणास द्यावयाचा तें नागपूरचें विभागीय केंद्र यादीप्रमाणें ठरवितें. "सगळें श्रीमंतांनाच जाईल," ही शंका अगदींच खोटी नाहीं. पण अमरावतीच्या सरकारी संदर्भ सेवा रुग्णालयांतहि मूत्रपिंडाचें रोपण होतें, आणि महात्मा फुले योजनेंत तें बसतें. आपलें हक्काचें दार उघडें असून आपणच हात आंखडतों!

नोंदणीस पैसा लागत नाहीं. १८ वर्षें पुरीं झालेल्या कोणासहि 'नोट्टो' या राष्ट्रीय संस्थेकडे आधार क्रमांकानें नांव नोंदवितां येतें. त्यांचा फुकट फोन १८०० ११ ४७७० आहे. घरांत मोबाईल चालविणारा कोणी नसेल तर शाळेवर या, आम्ही भरून देऊं. मात्र नोंदवून कार्ड पेटींत ठेवूं नका. वेळ येते तेव्हां डॉक्टर नातेवाइकांनाच विचारतात, आणि त्यांनीं नको म्हटलें कीं काम थांबलें. म्हणून आजच रात्रीं जेवतांना बायकोला व पोरांना सांगा. आणि भावकींतल्या त्या बोलक्या माणसालाहि सांगा, कारण मयतीच्या गर्दींत शब्द त्याचाच चालतो.