गाळलेलं पाणी आणि कोंडलेला मासा

आमच्या सासूबाई पाणी दुहेरी फडक्यातून गाळत. फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत परत सोडत. पुढं बेळगावच्या घरी नळ आला, तरी नळाच्या तोंडाला आमच्याकडे आजही फडकं बांधलेलं असतं. न दिसणाऱ्या जीवाची एवढी काळजी! आणि त्याच घराच्या हॉलमध्ये, 2 फुटी काचेच्या टाकीत, एक ऑस्कर मासा तडफडून मेला. ते घर माझंच. म्हणून आज स्पष्टच बोलते.

मुलानं आणला तेव्हा तो अंगठ्याएवढा होता. दुकानदार म्हणाला, “काकू, मासा टाकीएवढाच वाढतो.” साफ खोटं! ऑस्कर फूटभर वाढतो. लहान टाकीत तो खुजा राहिला, तर ती सोय नव्हे, ते हाल आहेत. 2 बाय 1 बाय 1 फुटाच्या टाकीत पाणी मावतं जेमतेम 56 लिटर. एकट्या ऑस्करला निदान 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी लागते, म्हणजे सुमारे 250 लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन अडीच क्विंटल. टीव्हीच्या टेबलावर ठेवायचं ते काम नव्हे. ‘लक्ष्मी येते’ म्हणून घरोघरी आणतात तो अरोवाना तर अडीच फुटांवर जातो. त्याला नीट वळायचं तर टाकीची रुंदीच 3 फूट हवी. आहे का जागा?

आता फिल्टर. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. पाणी नितळ दिसतं आणि माशाचे कल्ले जळत असतात. या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. ती वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून टाकी आधी, मासा नंतर. नुसते हवेचे बुडबुडे म्हणजे फिल्टर नव्हे. मोठ्या माशाला टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर घ्यावा, तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा. शिवाय दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, तेही क्लोरीन घालवलेलं.

आणि मी काय केलं? स्वच्छतेच्या हौसेनं स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, सगळं पाणी बदललं. आधी न दिसणारे जीव मारले, मग चार दिवसांत दिसणारा. तो स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हातानं पिळायचा असतो, हे मला नंतर कळलं.

काही जणी म्हणतात, “झेपेना तर तळ्यात सोडू, तेवढीच जीवदया.” नाही हो वहिनी! ऑस्कर दक्षिण अमेरिकेतला, मांसाहारी. आपल्या तळ्यातले लहान मासे तो खाईल. घरी घालतो त्या दाण्यांतसुद्धा बहुतेक मासळीची भुकटीच असते. पुडा वाचलाय का कधी?

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला पहिलाच बंध, म्हणजे जीवाला कोंडणं. म्हणून माझं म्हणणं एकच: मोठा मासा आणूच नका. आणला असेल, तर आजच टेप घ्या, टाकी मोजा. कमी पडत असेल तर मोठी आणा, नाहीतर ज्याच्याकडे तशी टाकी आहे त्याला मासा देऊन टाका. तोवर नळाचं फडकं कुणाला कौतुकानं दाखवू नका.