पिकअपचे टायर बदलले, हवा मात्र जुनीच



आज फवारणी नाही, बोंडअळी नाही. आज टायर.

वेचणी जोरात आहे. संकलन केंद्रावर येणाऱ्या बऱ्याच पिकअपचे कंपनीतून आलेले टायर केव्हाच गेलेत. कोणी रुंद टाकले, कोणी वणीहून स्वस्तात मिळेल ती जोडी आणली. त्याला माझी हरकत नाही. पण हवा भरताना "चारही चाकांत साठ मार" एवढंच ऐकू येतं. ही सवय मोडली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हरच्या दाराजवळ हवेचं स्टिकर असतं. त्यावरचा आकडा कंपनीनं बसवलेल्या टायरचा. माप किंवा प्लाय बदलली की तो नव्या टायरला लागू पडेलच असं नाही. पंपाचा नोझल बदलला की आपण प्रेशर बदलतो ना, तसंच हे.

ओझं रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. टायरच्या बगलेवर मापाशेजारी एक आकडा असतो. १०० असेल तर एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००. तेही पूर्ण ठरलेली हवा असेल तेव्हाच. १०६/१०४ असे दोन आकडे असतील तर आपल्या एकेरी चाकाला पहिला धरायचा.

आता वजन. जिनिंगला गाडी काट्यावर जातेच. एकदा भरल्या गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करा. समजा १८०० किलो आलं, म्हणजे एका चाकावर ९००. टायर १०० चा असेल तर कितीही हवा मारा, तो त्या ओझ्याचा नाहीच. १०४ चा असेल तर अगदी काठावर, कारण माल दोन्ही बाजूंना सारखा कधी बसत नाही. माझ्या हिशोबानं अशा गाडीला १०८ च्या खाली घेऊच नये. पुढच्या चाकांचंही तसंच वजन घ्या, तिथे आकडा वेगळा येईल आणि हवाही वेगळी लागेल. मग दुकानदाराला त्या टायरचा वजन-हवेचा तक्ता मागा. टायर कंपन्या तो काढतात. "तक्ताबिक्ता काही नसतो" म्हणाला तर दुसरं दुकान पाहा. आणि बगलेवर लिहिलेल्या कमाल हवेच्या वर एक पॉइंटही नको.

जास्त हवा म्हणजे सेफ, असं नाही. रिकाम्या गाडीत मागे ठासून हवा असली की गडचांदूरच्या रस्त्यावर चाक उड्या मारतं, ब्रेकला पकड राहत नाही, टायर मधूनच झिजतो. पण कमी हवा त्याहून वाईट. बगल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते, आतून सुटत जाते आणि ओझ्याखाली एक दिवस फुटते. पंक्चरवाल्याला वरून काही दिसत नाही.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी गार असताना. दहा अंशांच्या फरकानं पिकअपच्या टायरमध्ये दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे होतात. मे महिन्यात दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे सात-आठ पॉइंट कमी दिसेल, तीही कुठे गळती नसताना. उलट चालून आलेल्या गरम टायरमध्ये काटा वर दिसला म्हणून हवा सोडू नका.

पांदणीत चिखल असला की काही जण हवा कमी करून गाडी वावरात घालतात. गाडी निघते, खरं आहे. पण तशीच भरून डांबरी रस्त्यावर, सिमेंटच्या ट्रकांच्या मधून वणीला न्यायची हे मला पटत नाही. मुळात ओल्या काळ्या रानात भरली पिकअप नकोच. टायरमध्ये जेवढा दाब, साधारण तेवढाच दाब चाकाखाली मातीवर येतो. साठ पॉइंटच्या चाकानं दाबलेल्या पट्ट्यात पुढच्या वर्षी पऱ्हाटीची मुळं खाली जाताना अडतात. गाडी धुऱ्याबाहेर उभी करा, कापूस बैलगाडीनं काढा.

आणि एक गोष्ट, जी बोलल्यावर काही जण नाराज होतील. वेचणीच्या बाया मालाच्या ढिगावर बसवून आणणं. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मागचा टायर फुटला तर वरून पडणार त्याच. मजुरांसाठी वेगळी गाडी करायला खर्च येतो. तो खर्च वेचणीच्या हिशोबात धरावा, असं मी म्हणतो.

येत्या मासिक बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. संकलन केंद्रावर हवेचा चांगला काटा ठेवायचा, आणि कंपनीच्या भाड्यानं चालणाऱ्या प्रत्येक पिकअपचं चाकांचं वजन व टायरचा आकडा वहीत लिहायचा. आकडा ओझ्याला पुरत नसेल तर त्या गाडीला भाडं नाही. विरोध असेल तर बैठकीत या आणि बोला. तोवर आपल्या टायरच्या बगलेचा फोटो आणि काट्याची पावती याच नंबरवर टाका, मी पाहून सांगतो.