विश्लेषण : जुने ‘साय-फाय’ गेम पुन्हा बाजारात, पण विकत घेतलेला गेम खरेच आपला असतो?

‘स्टार वॉर्स’, ‘स्टार ट्रेक’, ‘ब्लेड रनर’... या विज्ञानपटांवर आणि मालिकांवर वीस-तीस वर्षांपूर्वी बेतलेले व्हिडिओ गेम एकामागोमाग एक पुन्हा विक्रीला येत आहेत. आठवणींचा बाजार म्हणून त्याकडे पाहणे सोपे आहे. पण सावित्रीच्या पुरात घरातल्या सामानाची माती झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्या महाड-पोलादपूरच्या वाचकाला यात एक वेगळा प्रश्न दिसू शकतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू नष्ट झाली, तर ती पुन्हा मिळवण्याचा मार्ग कोणाच्या हातात असतो?

नेमके काय सुरू आहे?

या लाटेची ठळक सुरुवात २०१४ मध्ये झाली. पोलंडमध्ये २००८ साली सुरू झालेल्या ‘गॉग’ या ऑनलाइन दुकानाने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘एक्स-विंग’ (१९९३) आणि ‘टाय फायटर’ (१९९४) हे ‘स्टार वॉर्स’चे गाजलेले गेम नव्या संगणकांवर चालतील अशा रूपात विक्रीला आणले. २०२१ मध्ये ‘स्टार ट्रेक’चे सहा जुने गेम तिथे आले. २००३ सालचा ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ तर त्याआधीच आयफोन, आयपॅड आणि अँड्रॉइडवर पोहोचला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत १९९५ च्या ‘डार्क फोर्सेस’ची नवी आवृत्ती आली, तर मार्चमध्ये ‘बॅटलफ्रंट’ मालिकेतील पहिल्या दोन गेमचा संच आला.

यात कंपन्यांचा हिशेब सरळ आहे. नवा मोठा गेम घडवायला काही वर्षे लागतात आणि खर्च अफाट होतो. जुन्या गेमची कथा, पात्रे आणि चाहते तयार असतात. तो नव्या यंत्रावर चालवून दाखवला की विक्री सुरू होते. लहानपणी हा गेम खेळलेला मुलगा आता कमावता झालेला असतो, हेही कंपन्यांना ठाऊक आहे.

पण हे गेम गायब का झाले होते?

पुस्तक पन्नास वर्षांनी उघडले तरी वाचता येते. गेमचे तसे नाही. तो विशिष्ट यंत्रासाठी आणि विशिष्ट प्रणालीसाठी लिहिलेला असतो. यंत्र बदलले की गेम मुका होतो. त्यात चित्रपटावर बेतलेल्या गेमचे दुखणे दुहेरी असते. गेम बनवणारी कंपनी एक आणि कथेचे, पात्रांचे हक्क दुसऱ्याकडे. करार संपला की चालता गेमही दुकानातून उतरवावा लागतो. ‘ट्रान्सफॉर्मर्स’वर बेतलेले अ‍ॅक्टिव्हिजनचे गेम २०१७ च्या अखेरीस असेच ऑनलाइन दुकानांतून नाहीसे झाले.

याचा एकूण परिणाम किती मोठा आहे, हे अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत दिसले. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी तब्बल ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. म्हणजे पैसे देण्याची तयारी असूनही घेणाऱ्यासाठी दुकानच नाही.

महाड-पोलादपूरशी याचा संबंध काय?

संबंध दोन पातळ्यांवर आहे. पहिला आठवणीचा. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांत परदेशी कन्सोल अधिकृतपणे आला नाही. आला तो टीव्हीला जोडायचा स्वस्त ‘व्हिडिओ गेम’ आणि त्याची पिवळी-काळी कॅसेट. मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्याच्या सामानात तो असला की वाडीतली पोरे त्या घराच्या ओटीवरून हलत नसत. त्या कॅसेटमधला सर्वांत लाडका गेम होता ‘कॉन्ट्रा’. परग्रहावरून आलेल्या शत्रूशी लढणारे दोन सैनिक आणि तीस ‘लाइफ’ मिळवून देणारी बटणांची ती गुप्त जुळणी! कोनामी या जपानी कंपनीचा हा १९८७ चा गेम. तोही २०१९ मध्ये मालिकेतील इतर गेमसह अधिकृत संचात पुन्हा आला. कोकणातल्या पिढीसाठी विज्ञानकथेची पहिली ओळख पुस्तकातून जेवढी झाली, तेवढीच ती या कॅसेटमधूनही झाली.

दुसरा संबंध नुकसानीचा. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. तळियेत दरड कोसळून अख्खी वाडी गाडली गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. त्या दुःखापुढे बाकी सारे नुकसान किरकोळच. तरीही पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत आणि घरांत चिखलाने भरलेले संगणक, हार्ड डिस्क, लग्नाच्या सीडी, फोटोंचे अल्बम यांचे ढीग लागले होते. कपाटातली वस्तू कायमची असते, हा समज अशा गावात टिकत नाही. त्यामुळे ‘सीडी घ्या, म्हणजे गेम तुमचा’ हा शहरी संग्राहकांचा सल्ला इथे अपुरा पडतो. त्याच वेळी ‘सगळे ऑनलाइन आहे, काळजी कशाला?’ हेही खरे नाही. कशेडी आणि आंबेनळी घाटांच्या कुशीतल्या वाड्यांत रेंज कधी येते, कधी जाते. प्रत्येक वेळी सुरू होताना इंटरनेटची परवानगी मागणारा गेम तिथे विकत घेऊनही बंदच राहतो.

चांगले पुनःप्रकाशन कोणते आणि वाईट कोणते?

‘ब्लेड रनर’चे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. त्याच नावाच्या विज्ञानपटाच्या जगात घडणारा हा गेम १९९७ मध्ये चार सीडींवर आला. पुढे त्याचा मूळ सोर्स कोडच हरवला. कंपनीला तो पुन्हा काढणे अवघड होऊन बसले. तो वाचवला स्वयंसेवकांनी. ‘स्कमव्हीएम’ या मुक्त प्रकल्पातील मंडळींनी अनेक वर्षे खपून गेम आतून कसा चालतो याचा उलटा माग काढला आणि तो आजच्या संगणकांवर चालवून दाखवला. त्यांच्या कामाच्या आधारे २०१९ च्या डिसेंबरमध्ये हा गेम अधिकृतपणे विक्रीला आला.

कथा इथे संपली असती तर बरे झाले असते. २०२२ च्या जूनमध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओने त्याची ‘सुधारित’ आवृत्ती आणली आणि जुनी आवृत्ती स्वतंत्रपणे मिळणे बंद झाले. सुधारित आवृत्तीतली दृश्ये गुळगुळीत झाली होती, पण मूळ गेमचा अंधार, पाऊस आणि बारकावे पुसट झाल्याची तक्रार चाहत्यांनी केली. ओरड वाढल्यावर मूळ गेम पुन्हा स्वतंत्रपणे विक्रीस ठेवावा लागला.

गंमत अशी की, याच नाइटडाइव्हने ‘डार्क फोर्सेस’च्या वेळी चांगला धडा घालून दिला. नवी आवृत्ती आली तरी १९९५ चा मूळ गेम दुकानातून हटला नाही. नव्या आवृत्तीतही जुन्या रूपात खेळण्याची सोय ठेवली. म्हणजे दोष नव्या आवृत्त्या काढण्यात नसून, नवे आले म्हणून जुने हटवण्यात आहे. जुन्या वाड्याची डागडुजी करणे आणि तो पाडून त्याच नावाची इमारत बांधणे यात जो फरक आहे, तोच इथेही आहे.

‘बॅटलफ्रंट’च्या संचाने दुसरी चूक दाखवली. हे गेम अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचे. पहिल्याच दिवशी हजारो खेळाडू आले आणि सर्व्हर मात्र मोजकेच होते. लोकांना आत शिरता येईना. विक्रीच्या ‘स्टीम’ मंचावर नकारात्मक अभिप्रायांचा पाऊस पडला. याउलट, २००५ च्या मूळ ‘बॅटलफ्रंट २’ची ऑनलाइन यंत्रणा २०१४ मध्ये बंद पडली होती, ती २०१७ मध्ये पुन्हा सुरू करून देण्यात आली. दुरुस्ती करण्याची इच्छा असेल तर जुना गेम जागेवरच जिवंत करता येतो, हे त्यातून दिसले.

विकत घेतला म्हणजे मालकी मिळाली का?

बहुतेक वेळा नाही. ‘बाय’ असे लिहिलेले बटण दाबल्यावर मिळतो तो वापराचा परवाना. दुकान बंद झाले, खाते गोठले किंवा करार संपला की तो परवाना कागदावरच राहू शकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने यावर कायदा केला असून १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला हे स्पष्ट सांगावे लागते. युरोपमध्ये कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर विकलेला गेमही मारू नये, अशी मागणी करणाऱ्या नागरिकांच्या निवेदनावर २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

सगळी दुकाने सारखी नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे. ‘गॉग’वर घेतलेल्या गेमची पूर्ण फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येते आणि नंतर इंटरनेटशिवाय बसवता येते. महाडच्या ग्राहकाने एक प्रत पुण्याच्या किंवा मुंबईच्या भावाकडे ठेवली, तर पुढचा पूर ती नेऊ शकणार नाही. ही साधी सोय झगमगीत ग्राफिक्सपेक्षा मोलाची आहे.

भारतीय कायदा काय सांगतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ ग्राहकाच्या बाजूचे आहे. रीतसर मिळवलेल्या संगणक प्रणालीची, ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून, राखीव प्रत करून ठेवण्यास ते मुभा देते. गेम हीदेखील संगणक प्रणालीच. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे हा गुन्हा ठरला. कायदा प्रत ठेवू देतो, पण विक्रेता कुलूपबंद वस्तू देतो. मग ती मुभा सामान्य माणसाने वापरायची कशी? या प्रश्नाचे उत्तर न्यायालयात शोधण्यापेक्षा विक्रेत्यानेच कुलूप न लावणे अधिक शहाणपणाचे.

जाहिरातीत दाखवलेले आणि हातात आलेले यात तफावत असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा कामी येतो. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

चाचेगिरीने हे गेम वाचवले, असे म्हणायचे का?

अर्धे खरे आहे. ‘कॉन्ट्रा’ गावोगाव पोहोचवणाऱ्या कॅसेट बहुतेक विनापरवाना होत्या. त्यांच्याशिवाय एका पिढीला हे खेळ माहीतच झाले नसते. पण त्या नकलांतून बनवणाऱ्याला दमडी मिळाली नाही. आजही फुकट फाइलच्या नावाखाली मोबाइलमध्ये व्हायरस घुसवणाऱ्या संकेतस्थळांची कमतरता नाही. लोक चोरवाटेने जातात ते नेहमी पैसे वाचवायला नव्हे, अनेकदा राजमार्ग बंद असतो म्हणून. ‘स्टीम’ने २०१५ मध्ये रुपयांत किमती दाखवायला सुरुवात केली, तशी पावले वाढली तर अधिकृत खरेदीही वाढेल.

मग व्हायला काय हवे?

कंपन्यांकडून अपेक्षा तीनच. नवी आवृत्ती आली तरी मूळ गेम विक्रीत राहावा. एकट्याने खेळायचा गेम इंटरनेटशिवाय चालावा. आणि घेणाऱ्याला स्वतःची प्रत जपून ठेवता यावी. यातले काहीही अशक्य नाही. काही दुकाने ते आज करत आहेत. घेणाऱ्यानेही पैसे भरण्यापूर्वी याच तीन गोष्टी तपासाव्यात.

जबाबदारी सरकारचीही आहे. चित्रपट जपण्यासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरी ते उभे राहीपर्यंत बहुतांश मूकपट नष्ट झाले होते, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आज पूर्ण उपलब्ध नाही. त्या काळी सिनेमाला कोणी जपण्यासारखी गोष्ट मानले नाही. गेमबाबत तीच चूक पुन्हा होत आहे. भारतात बनलेले सुरुवातीचे मोबाइल गेम ज्या फोनवर चालत, ते फोनही आता भंगारात गेले आहेत. परदेशी गेमसाठी निदान चाहते आणि कंपन्या आहेत. आपल्या गेमसाठी तेवढेही नाही.

म्हणूनच जुन्या गेमचे पुनरागमन स्वागतार्ह आहे, पण ते अटीवर. पूर येणाऱ्या गावातला माणूस महत्त्वाची कागदपत्रे माळ्यावर ठेवतो आणि एक झेरॉक्स नातेवाइकाकडे देतो. विकत घेतलेल्या गेमच्या बाबतीत त्याला एवढीच मुभा हवी आहे. जी कंपनी ती देईल, तिच्या जुन्या मालाला नवा दाम मोजायला हरकत नाही.