मेडल मिळाल्यावर रविवारचा तो तास कुणाचा?



जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे मेसेज येऊ लागतात. 'मुंबई मॅरेथॉन धावतोय, एकाकी ज्येष्ठांसाठी निधी जमवतोय, हातभार लावा.' यंदा आमचा भाचाही त्यात आहे. घरातल्या मोठ्यांचं मत ठरलेलं: "द्यायचेत तर सरळ द्या की पैसे! त्यासाठी 42 किलोमीटर पळायचं कशाला?"

मला हे पटत नाही. ही मॅरेथॉन 2004 पासून होते आहे आणि तिच्या निमित्ताने कितीतरी संस्थांना निधी मिळतो. संस्थेचं पत्रक आपण रद्दीत टाकतो. पण लहानपणापासून पाहिलेला पोरगा पहाटे साडेचारला उठून घाम गाळतोय म्हटल्यावर आपण नाही म्हणत नाही. मागणाऱ्याला निमित्त लागतं, तसं देणाऱ्यालाही लागतं.

एकटेपणावर पैशांचा काय उपयोग, असंही कुणी म्हणू नये. ज्येष्ठांचे फोन घ्यायला बसलेल्या माणसाला पगार द्यावा लागतो. विरंगुळा केंद्र चालवायचं तर जागेचं भाडं, वीजबिल, चहा आलाच. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना तिथवर आणायला रिक्षा लागते. म्हणून मी भाच्याला आनंदाने पैसे दिले.

तरी एक गोष्ट बोलायचीच आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशात, पैशाची ददात नाही. बाई येऊन स्वयंपाक करून जाते. पण समोर बसून "अजून अर्धी पोळी घ्या" म्हणणारं कुणी नाही. पूर्वी दूधवाल्या भैयाशी सकाळी दोन शब्द व्हायचे. आता दूध ॲपवरून येतं आणि पिशवी कडीला अडकवून मुलगा निघून जातो. या आजींपर्यंत कुठलाच निधी पोहोचणार नाही, कारण त्यांना हवं आहे ते माणूस.

आपल्याकडे तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत, सहा बाह्य आणि सहा अंतरंग. उपवास बाह्य तपात येतो. तो दिसतो, त्याचं पारणं होतं, कौतुक होतं. वैयावृत्त्य, म्हणजे तपस्वी आणि आजारी साधूंची सेवा, अंतरंग तपात आहे. तोच भाव घरातल्या, शेजारच्या थकलेल्या माणसांकडे का वळवू नये? मॅरेथॉन मला बाह्य तपासारखी वाटते. ती करावीच, पण तिथे थांबू नये.

हिशोबच मांडते. पूर्ण मॅरेथॉनचा सराव साधारण 16 आठवडे चालतो. आठवड्याचे 4 दिवस आणि दिवसाचा निदान 1 तास धरला तरी 64 तास झाले. आठवड्याला एक तास म्हटलं तर हे वर्षभर पुरून उरतात!

म्हणून भाच्याला मी सांगितलं आहे, मेडल मिळालं की रविवारच्या लांब पल्ल्याची सकाळ मोकळी होईल. त्यातला एक तास कुणा एका आजी-आजोबांच्या नावाने बांधून दे. आठवडा चुकवायचा नाही, कारण वाट पाहायला लावून न जाणं हे अजिबात न जाण्यापेक्षा वाईट.

आणि मैत्रिणींनो, हे आपल्यालाही लागू आहे. ऑनलाइन पैसे भरले, 80जीची पावती आली, की आपलं काम झालं असं आपण धरून चालतो. कुणाकडे एकदम कसं जायचं, असा संकोच वाटत असेल तर एक सोपं निमित्त सांगते. 14567 हा ज्येष्ठांसाठी सरकारी एल्डरलाइनचा टोल-फ्री नंबर आहे. तो मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा, शेजारच्या आजींच्या फोनजवळ चिकटवून द्या. त्या चहाला थांबवतील. थांबा.