ससा कुत्र्यामागे धावला तेव्हा

चौथीच्या वर्गात पूरक वाचन म्हणून ‘हॅरी पॉटर’ घ्यावा का, असा प्रश्न निघाला की सुशिक्षित पालकांत हटकून दोन तट पडतात. एकाला त्यात जागतिक दर्जा दिसतो, दुसऱ्याला चेटूक. बंदीची भाषा बोलणाऱ्या आपल्या मित्रांना प्रथमच सांगितले पाहिजे की, बोलणारे सिंह-कोल्हे ज्या पंचतंत्रात आहेत ते आपलेच आहे. अद्भुताचे वावडे या भूमीला कधीच नव्हते. १९९७ साली इंग्लंडात अवतरलेला तो चष्मा लावणारा पोरगा मराठीतही आला आहे. मुलांनी तो अवश्य वाचावा. आमचा आक्षेप निराळा आहे.

चंद्रपूरच्या मुलाला लंडनच्या रेल्वे फलाटावरील गुप्त वाट तोंडपाठ असते. पण ज्या परकोटाच्या वेशीतून तो रोज शाळेत येतो, त्याची कथा त्याला कोणी सांगितलेली नसते! बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह अंगावरील फोडांनी जर्जर झाला होता. शिकारीत तहानेने व्याकूळ होऊन तो झरपटीच्या कोरड्या पात्रात उतरला. तेथील एका खळग्यातल्या पाण्याने त्याची व्याधी गेली, असे दंतकथा सांगते. पुढे त्याच परिसरात त्याला कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा दिसला, तोही राजाच्याच कुत्र्याचा पाठलाग करताना! राणीने हा शुभशकुन मानला आणि ससा धावला त्या वाटेवरच नगराचा कोट बांधावा, असे सुचविले.

एवढे धन हाताशी असता शिक्षकाने करावे काय? गोष्ट ऐन पाठलागात थांबवून ‘ससा आता कोठे वळेल?’ असे विचारावे. शनिवारी मुलांना जटपुरा दरवाजाशी न्यावे, कोटाच्या कडेने पावले मोजावीत, नकाशा काढून घ्यावा. मग खुशाल हॅरी उघडावा. तेव्हा मूल तुलना करील, नुसते भारावणार नाही.

गडचिरोलीत प्रश्न अधिक बिकट आहे. भामरागड-एटापल्लीच्या माडिया मुलाला मराठी पाठ्यपुस्तकच परके. त्याच्या घरची बोली द्रविड कुळातील. इंग्रजी कादंबरीचे मराठी भाषांतर म्हणजे त्याला दुहेरी परदेश! त्यातून आश्रमशाळेत राहणाऱ्या पोराजवळ रात्री गोष्ट सांगायला आजीही नसते. म्हणून गावातील जाणत्यांना वर्गात बोलवावे, गोष्ट आधी माडियात ऐकावी, फळ्यावर देवनागरीत उतरवावी आणि मगच मराठीकडे वळावे.

वनवासी संस्कृतीचा गौरव आपण व्यासपीठांवरून पुष्कळ करतो. तिच्यातील एक तरी गोष्ट आपल्या घरच्या मुलांना सांगता येते काय?